महेश्वरचे माग बघायला जायचंय? इंदूरहून निघणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या रामबागेतल्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे सुरू होतात, ते होळीपर्यंत. पहिल्या दिवशी राजवाडा आणि रात्री सराफा, दुसऱ्या दिवशी लालबाग, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी वहिनी हळूच विचारते, "महेश्वर इथून जवळच ना?" महेश्वर म्हणजे हातमागावर महेश्वरी साड्या विणणारं गाव. मग तेच प्रश्न आणि माझी तीच उत्तरं. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

तिथे रेशमाचा कारखाना आहे का?

कारखाना म्हटल्यावर भोंगा, फाटक, पाळ्या असलं काही डोळ्यांसमोर आलं असेल तर ते पुसून टाका. महेश्वरच्या किल्ल्यात, राजवाड्याच्या शेजारी, जुन्या वास्तूत हातमाग मांडलेले आहेत. हे रेहवा सोसायटीचं विणकाम केंद्र. रेवा म्हणजे नर्मदा, त्यावरून हे नाव. इंदूरचे शेवटचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचे चिरंजीव रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी १९७९ साली हे काम सुरू केलं. त्या सुमाराला गावातला धंदा बसत चालला होता आणि विणकरांची मुलं दुसरी कामं शोधायला लागली होती. केंद्रात बायकांना विणायला शिकवलं, मागावर बसवलं. आज आत गेलात तर मागावर बहुतेक बायाच दिसतील.

पण नुसतं किल्ल्यातलं केंद्र बघून परतू नका. खाली गावातल्या गल्ल्यांतून चाला. उघड्या दारातून खटाक-खट, खटाक-खट ऐकू येतं. पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत स्वयंपाक, अशी घरं आहेत. खरं तर अख्खं गाव हाच कारखाना.

अहिल्याबाईंनी विणकर आणले, हे खरं की गाइडने जोडलेली गोष्ट?

अहिल्याबाईंच्या हाती कारभार आला १७६७ साली. त्यांनी इंदूर सोडून नर्मदाकाठच्या महेश्वरला राजधानी केली, आणि १७९५ मध्ये त्या गेल्यावरही १८१८ पर्यंत ती तिथेच होती. इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला आणि मग होळकरांचं बस्तान इंदूरला हललं. राजधानी म्हटल्यावर पाहुणे, वकील, नातेवाईक येणार, त्यांना पागोटी आणि लुगडी द्यावी लागणार. बाईंनी बाहेरून विणकर आणून वसवले, ही परंपरा गावात सगळेच सांगतात. कुठून आणले यावर मात्र एका घरी सुरत ऐकाल, दुसऱ्या घरी बुऱ्हाणपूर, तिसऱ्या घरी हैदराबाद. मी त्यात पडत नाही. चहा प्यायचा आणि तिन्ही गोष्टी ऐकायच्या.

राजवाडा बघून पुण्याची मंडळी हमखास म्हणतात, "एवढाच?" हो, एवढाच. लाकडी खांब, ओसरी, बाईंची गादी. स्वतः पांढऱ्या लुगड्यात राहिलेल्या बाईचं घर आहे ते. शनिवारवाड्याशी तुलना करायला जाऊ नये.

इंदूरहून कसं जायचं?

अंतर नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. दोन रस्ते आहेत. पहिला आग्रा-मुंबई महामार्गाचा: महू, मानपूर, घाट उतरून गुजरी, धामनोद आणि तिथून डावीकडे महेश्वर. रस्ता रुंद आहे, पण घाटात ट्रकच ट्रक. ड्रायव्हरला घाई करू देऊ नका. दुसरा महूवरून जामगेटमार्गे, मंडलेश्वर करून. जामगेट अहिल्याबाईंच्याच काळातला दरवाजा. तिथून खाली निमाडचं मैदान असं पसरलेलं दिसतं की गाडी थांबवावीच लागते. पावसाळ्यात तिथे रविवारी अर्धं इंदूर कणीस खात उभं असतं, तेव्हा शक्यतो मधल्या वारी जा.

महेश्वरला रेल्वे नाही. बसने जायचं तर धामनोदला उतरून दुसरी गाडी धरा. चार जण असाल तर सरळ टॅक्सी करा. पोहे-जिलबी इंदुरातच उरकून सकाळी साडेसातला निघालात तर दहाच्या आत किल्ल्यावर.

माग कधी चालू असतात?

सकाळी दहा-अकरापासून दुपारपर्यंत. जेवणाच्या वेळी माग थांबतात. आठवड्याची सुटी आणि सणवार आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून किंवा केंद्रात फोन करून विचारून घ्या. ईद असो की दिवाळी, विणकरांच्या घरी सण म्हणजे माग बंद. एकदा ऐन ईदला आम्ही आठ जण गेलो आणि बंद खोल्यांची कुलपं बघून आलो.

आत गेल्यावर बघायचं काय? पाच मिनिटांत संपतं, असं ऐकलं.

फोटो काढणाऱ्याचं पाच मिनिटांत संपतं. मी पाहुण्यांना एक अट घालते: एका मागाजवळ अर्धा तास उभं राहायचं, गप्प.

पहिली दहा मिनिटं नुसता आवाज ऐकू येतो. मग हालचाल सुटी दिसायला लागते. पाय खालच्या पावड्या दाबतात, ताण्याचे, म्हणजे उभे, धागे दोन थरांत उघडतात, उजवा हात दोरी ओढतो आणि आडवा धागा नेणारा धोटा या काठाकडून त्या काठाकडे सुटतो. डावा हात फणी पुढे ओढून तो एक धागा ठोकून बसवतो. हे सगळं एका खटाक्यात होतं, आणि त्यातून कापड पुढे सरकतं एका धाग्याच्या जाडीइतकं.

माझा भाचा आठवीत असताना पट्टी घेऊन आला होता. विणून झालेल्या कापडावर पट्टी ठेवून त्याने एका इंचात आडवे धागे मोजायला घेतले. पन्नासपर्यंत गेला आणि पुढे डोळे फिरले म्हणून सोडलं. मग तिथेच उभ्याउभ्या हिशोब केला: साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच, इंचाला पन्नास धरले तरी धोटा दहा हजार आठशे वेळा फेकायचा. ब्लाउजपीस वेगळं. विणणाऱ्या ताई हसल्या आणि म्हणाल्या, "भैया, धागा टूटता है वो भी तो गिनो."

धागा तुटतो तेव्हा बघा. माग थांबतो. ताई वाकतात. हजारो धाग्यांतून तुटलेला एक त्यांना बोटाच्या टोकाने सापडतो, मला चष्मा लावूनही दिसत नाही. तो चिमटीत धरून, नवा तुकडा जोडून, अशी गाठ मारतात की ती फणीच्या दातांतून अडकल्याशिवाय जाते. सगळं मिळून अर्धं मिनिट. मग पुन्हा खटाक-खट.

आणखी एक गोष्ट नशिबात असली तर दिसते: सांधणी. एक ताणा संपला की नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्याच्या प्रत्येक टोकाला हाताने पिळून जोडतात, हजारो वेळा. बोटं घसरू नयेत म्हणून राख घेतात. सांधणी चालू असेल तर त्या खोलीत बोलू नका, लक्ष विचलित होतं. कुणी रागावत नाही, पण आपल्यालाच लाज वाटते.

कोपऱ्यात चरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या धाग्याच्या नळ्या, भरणारी बाई बसलेली असते. तिच्याकडे कुणी बघत नाही. तिची कांडी सैल भरली गेली तर पुढे धोट्यात धागा अडकतो आणि काठ ओढला जातो. तिच्याजवळही दोन मिनिटं थांबा.

महेश्वरी साडी पूर्ण रेशमी असते का?

बहुतेक नाही, आणि यात फसवणूक नाही. महेश्वरीची ओळखच अशी की ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा. उभ्या धाग्यांनी चमक येते, आडव्या धाग्यांनी अंगाला गारवा. निमाडच्या उन्हात दुसरं काय टिकणार? पूर्ण रेशमी आणि पूर्ण सुतीही विणतात, पण गावची खरी साडी ही मिश्र. रेशीम बहुतेक बेंगळुरूकडून, सूत कोइमतूरकडून आणि जर, म्हणजे जरीची तार, सुरतेहून येते. "मग महेश्वरचं काय?" असं एका काकांनी विचारलं होतं. हात महेश्वरचे, काका.

ती महेश्वरीच आहे, हे कशावरून ओळखायचं?

काठ उलटून बघा. पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी कशीही नेसा. मग काठावरची नक्षी बघा: चटई, वीट, हिरा, लहर, चमेलीचं फूल. लहर म्हणजे नर्मदेची. आधी किल्ल्यात फिरून या आणि देवळांच्या दगडी पट्ट्या नीट बघून मग दुकानात शिरा. भिंतीवरचा हिरा साडीच्या काठात सापडला की मुलंसुद्धा ओरडतात.

अंग बहुधा साधं असतं, नाहीतर बारीक चौकडी किंवा उभ्या रेघा. पदरावर पाच पट्टे: तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे. अंगभर बुट्टे असतील तर ती नवी फॅशन समजा. वाईट नाही, पण जुन्या बायका नाक मुरडतात.

चंदेरी आणि पैठणीपेक्षा वेगळी कशी?

चंदेरी पारदर्शक, हवेसारखी, आणि तिची शोभा बुट्ट्यांत. महेश्वरी तिच्याहून भरीव, आणि तिची शोभा काठात. पैठणीची गोष्टच निराळी. तिच्या काठा-पदरातली नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे हाताने एकमेकांत अडकवून विणतात, म्हणून महिने लागतात आणि म्हणून ती लग्नातच निघते. महेश्वरी नेसून मी बँकेत जाते, भिशीलाही जाते आणि तीच नेसून गणपतीला बसते. चंदेरी गाव बघायचं असेल तर इंदूरपेक्षा ग्वाल्हेरहून सोयीचं.

किंमत किती? घासाघीस चालते का?

नेमका आकडा मी सांगत नाही, दर वर्षी बदलतो. साधी साडी विणायला तीन-चार दिवस जातात. त्याआधी रंगवणं, ताणा लावणं आणि कांड्या आहेतच. काठात जर आणि नक्षी जितकी जास्त, तितके दिवस वाढतात. आता तो दहा हजार आठशेचा हिशोब आठवा आणि सांगा, दीड हजारात हातमागाची रेशमी महेश्वरी कशी मिळेल?

किल्ल्यातल्या केंद्रात दर ठरलेले असतात, तिथे घासाघीस करू नका. नफा विणकरांच्याच कामी येतो, मुलांच्या शाळेसकट. बाजारातल्या दुकानात थोडं कमी-जास्त होतं. विणकराच्या घरी, मागावरची साडी बघून, त्याच्या तोंडावर "शंभर कमी करा" म्हणणं मला तरी जमत नाही. आमच्या एका वहिनींना जमलं. घाट चढेपर्यंत गाडीत कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

यंत्रमागाची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारतात का?

मारतात. माझ्याच गळ्यात मारली आहे. काही वर्षांपूर्वी पावसामुळे महेश्वरला जाणं रहित झालं, म्हणून इंदुरातल्याच एका दुकानातून "प्युअर महेश्वरी, हॅण्डलूम" असं सांगितलेली साडी घेतली. दुकानदाराने छान चहा पाजला. पुढच्या वेळी ती नेसूनच महेश्वरला गेले. मागावरच्या ताईंनी पदर दोन बोटांत धरला, चोळला आणि काही न बोलता सोडून दिला. मला कळायचं ते कळलं.

घरी येऊन काठातला एक धागा काढून जाळून पाहिला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास. माझा धागा वितळून काळा मणी झाला. पॉलिएस्टर! ही परीक्षा दुकानातही मागता येते. चांगला दुकानदार स्वतःच टोकाचा धागा काढून देतो. हॅण्डलूम मार्कचं लेबल बघा आणि बिलावर "हातमाग" लिहून घ्या. महेश्वरीला भौगोलिक उपदर्शन, म्हणजे जीआय मिळालेलं आहे; त्याबद्दल विचारलं तर प्रामाणिक माणूस गोंधळत नाही. कापड उजेडात धरलंत तर हातमागाच्या विणीत कुठे एक धागा घट्ट, कुठे किंचित सैल दिसतो. सगळं अगदी पट्टीने आखल्यासारखं असेल तर मी दोनदा विचार करते.

धुवायची कशी?

पहिल्यांदा ड्राय क्लीन, किंवा एकटीच, गार पाण्यात, सौम्य साबणाने. भिजत घालू नका, पिळू नका, उन्हात वाळवू नका. गडद लाल, जांभळी आणि निळी पहिल्या धुण्यात रंग सोडू शकतात. आमच्या सासूबाईंनी माझी नवी जांभळी महेश्वरी त्यांच्या पांढऱ्या पातळासोबत बादलीत बुडवली. पातळ अजून आहे, फिकट वांग्याच्या रंगाचं. वर्षातून दोनदा घडी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका.

फोटो काढू देतात का?

विचारून काढा. कापडाचे, मागाचे फोटो काढायला सहसा ना नसते. माणसांचे काढायचे तर आधी दोन शब्द बोला, आणि बाईने पदर सावरला की कॅमेरा खाली घ्या. नवीन नक्षीचा कागद लावलेला असेल तर त्याचा फोटो नको, त्यांचं पोट त्यावर आहे.

आई-बाबा सोबत आहेत, गुडघे दुखतात. जमेल?

माग बघायला जमेल. गाडी गावाच्या बाजूने किल्ल्याजवळ जाते. घाटाच्या पायऱ्या मात्र खूप आहेत, उतरताना वाटत नाही, चढताना कळतं. त्यांना वर ओसरीत बसवा, नर्मदा तिथूनही दिसते. उतरलेच तर नावेत बसवून बाणेश्वरापर्यंत एक फेरी मारा. नदीच्या मधोमध छोटंसं देऊळ आहे.

कोणत्या महिन्यात यावं?

ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. एप्रिल-मेमध्ये निमाड तापतो. पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्या गिळत वर येते, बघायला सुंदर, नावेला बंद. महाशिवरात्रीला दर्शनाला या, माग बघायला नाही.

जेवणाचं काय?

साधं शाकाहारी जेवण गावात मिळतं. कुठे ज्वारीची भाकरी आणि अमाडीची भाजी मिळाली तर सोडू नका, आपली अंबाडीच ती, निमाडी हाताची. एप्रिल २०२५ पासून महेश्वरात दारूबंदी आहे, हे आमच्या मेव्हण्यांसाठी मुद्दाम लिहिलंय.

एका दिवसात होतं की मुक्काम करावा?

एका दिवसात होतं. पण मुक्काम केलात तर पहाटेचा घाट मिळतो. राजवाड्यात रोज लिंगार्चन होतं: मातीची इवलीइवली शिवलिंगं करून, पूजा करून नर्मदेत सोडतात. अहिल्याबाईंच्या वेळची प्रथा अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी मांडू करा, चाळीसेक किलोमीटर आहे, आणि धारमार्गे इंदूरला परता. एकाच दिवसात महेश्वर, मांडू आणि ओंकारेश्वर असा बेत कुणी आखून दिला असेल तर त्याला नमस्कार करा.

नऊवारी मिळते का?

दुकानात टांगलेली क्वचित. सांगून विणून घेता येते, वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतात. लग्नासाठी हवी असेल तर काही महिने आधी बोला, आणि रंग फोनवरच्या फोटोवरून ठरवू नका.

घरात आजीचं जुनं महेश्वरी लुगडं आहे. सोबत आणावं का?

जरूर आणा. मी आत्याचं नेलं होतं. हिरवं, चटईच्या काठाचं, पदर दोन ठिकाणी विरलेला. मागावरच्या ताईंनी माग थांबवला आणि हात पुसले. आधी काठ उलटा केला, मग सुलटा, मग परत उलटा. शेजारच्या दोघींना हाक मारली. तिघींनी लुगडं खिडकीपाशी उजेडात नेलं आणि एका इंचातले धागे मोजायला लागल्या. त्यांचं मोजणं पन्नासाला थांबलं नाही. सगळ्यात मोठ्या होत्या त्या म्हणाल्या, "ऐसी महीन फणी अब कोई नहीं लगाता." मग त्यांनी ते जुन्याच घडीवर घडी पडणार नाही असं दुमडून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "बेचोगी तो नहीं ना?"